जन्मदाखले पुरे, सामन्यांचा हिशेब काढा

भारताचा फुटबॉल संघ हरला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी फिलिपिन्सचा दाखला देतं. २००६ मध्ये फिफा क्रमवारीत १९५व्या स्थानापर्यंत घसरलेला देश २०१८ मध्ये १११वर पोचला, २०१९चा आशिया चषक खेळला, आणि तेही इंग्लंड-जर्मनी-अमेरिकेत जन्मलेल्या फिलिपिनो वंशाच्या पोरांच्या जोरावर. मग आपण ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना, का घेत नाही? समोरचा गट तितक्याच तावातावाने सांगतो की ही सगळी उसनवारी आहे, परक्या अकादमीत घडलेली मुलं आणून इथला खेळ वाढत नसतो. बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं, तेव्हा हाच वाद पुन्हा रंगला. दोन्ही बाजूंना फिलिपिन्सची राष्ट्रीय जर्सी तेवढी दिसते. ती घालणारे खेळाडू एरवी कुठे खेळतात, त्यांना पगार कोण देतं, वर्षाकाठी सामने किती मिळतात, हे कुणी विचारत नाही. फिलिपिन्सच्या फुटबॉलचं बरंवाईट ठरलं ते तिथल्या अर्धव्यावसायिक क्लबांच्या वेळापत्रकावर आणि क्लब चालवणाऱ्या धन्यांच्या खिशावर. खेळाडूंच्या जन्मगावाचा वाटा त्यात लोक समजतात त्याहून बराच कमी आहे. तपासायचं असेल तर राष्ट्रीय संघ क्षणभर बाजूला ठेवून काया एफसीसारख्या एखाद्या क्लबाची वही उघडावी लागते.

आधी कायद्याचा मुद्दा उरकून टाकू, कारण ‘त्यांनी केलं, आपण का नाही’ या प्रश्नातली अर्धी हवा तिथेच निघते. फिलिपिन्सने परदेशातल्या पोरांना कुठलीही खास सवलत दिलेली नाही. १९८७च्या त्यांच्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील यांपैकी एक जण फिलिपिनो नागरिक असेल तर मूल जन्मतःच नागरिक ठरतं, जन्म कुठेही होवो. २००३च्या ९२२५ क्रमांकाच्या कायद्याने परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या फिलिपिनोंनाही आपलं नागरिकत्व परत मिळवता येतं. म्हणजे जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये जन्मलेला स्टेफान श्र्योक किंवा लंडनमध्ये वाढलेला गोलरक्षक नील एथरिज कायद्याच्या नजरेत परका नव्हताच. अडचण येते ती कागदपत्रांत. मुलाच्या जन्माच्या वेळी आई फिलिपिनो नागरिकच होती हे सिद्ध करावं लागतं. त्याआधीच तिने जर्मन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असेल, तर मुलाचा जन्मसिद्ध हक्क गेला. तिने पुढे २००३च्या कायद्याखाली नागरिकत्व परत घेतलं तरी त्याचा लाभ अठरा वर्षांखालच्या अविवाहित मुलांनाच मिळतो. चांगला विशीतला खेळाडू एवढ्या एका तारखेवर अडकू शकतो. आपल्याकडे परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. फिफाला कायमस्वरूपी राष्ट्रीयत्व लागतं. तेव्हा फुटबॉल महासंघाला शिव्या घालून यातलं काही बदलणार नाही. तो संसदेचा विषय आहे, आणि त्याला फुटबॉलपेक्षा कितीतरी मोठे पदर आहेत.

पहिल्या गटाचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मान्यच करायला हवा. ५ डिसेंबर २०१० रोजी आग्नेय आशियाच्या सुझुकी चषकात हनोईत फिलिपिन्सने गतविजेत्या व्हिएतनामला २-० हरवलं. गोल केले ख्रिस ग्रेटविच आणि फिल यंगहजबंड यांनी, आणि दोघेही इंग्लंडमध्ये वाढलेले. फिल चेल्सीच्या युवा संघातून आलेला. पुढे देशासाठी त्याने १०८ सामन्यांत ५२ गोल केले. मार्च २०१२ मध्ये काठमांडूत एएफसी चॅलेंज कपमध्ये त्यांनी आपल्यालाही २-० हरवलं आणि दोन्ही गोल त्याचेच होते. या मुलांशिवाय मनिलातल्या वर्तमानपत्रांनी बास्केटबॉलच्या पानावर फुटबॉलला जागाच दिली नसती. पण हनोईच्या विजयानंतर काय झालं ते सहसा सांगितलं जात नाही. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने फिलिपिन्सला जकार्तात खेळावे लागले, कारण घरचा सामना घेण्यालायक मैदान देशात नव्हतं. १९३४ साली बांधलेलं रिझाल मेमोरियल निकषांत बसत नव्हतं. दोन्ही वेळा इंडोनेशियाकडून ०-१. खेळाडू आयात करता आले, घरचं मैदान कुठून आणणार? आणि ज्या २०१९च्या आशिया चषकाचा एवढा बोलबाला होतो, तिथे स्वेन-योरान एरिक्सनसारखा प्रशिक्षक असूनही फिलिपिन्सने गटातले तिन्ही सामने गमावले. त्याच स्पर्धेत भारताने थायलंडला ४-१ हरवलं होतं, हेही एकदा आठवायला हरकत नाही.

आता ‘उसनवारी’वाल्यांकडे वळू. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय चषकाचं नाव आहे कोपा पाउलिनो अल्कांतारा. हे अल्कांतारा १८९६ साली मध्य फिलिपिन्समधल्या इलोइलोत जन्मले, वडील स्पॅनिश, आई तिथलीच. लहानपणीच कुटुंब बार्सिलोनाला गेलं, आणि १९१२ मध्ये वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी ते एफसी बार्सिलोनाकडून खेळले. क्लबासाठी केलेल्या गोलांचा त्यांचा विक्रम मोडायला २०१४ साल आणि लिओनेल मेस्सी यावा लागला. मधल्या काळात ते मनिलाला परतले, बोहेमियन स्पोर्टिंग क्लबाकडून खेळले, आणि १९१७ मध्ये टोकियोच्या सुदूर पूर्व क्रीडास्पर्धेत फिलिपिन्सने जपानला १५-२ असं चिरडलं त्या संघात होते. म्हणजे ज्याच्या नावाने चषक भरवला जातो तो आद्य नायकच परदेशात वाढलेला, मिश्र वंशाचा. त्याला अस्सल म्हणायचं आणि फिल यंगहजबंडला उसना, हे कोणत्या न्यायाने? सिमोने रोताचं उदाहरण तर या मोजपट्टीचं हसंच करतं. जन्म मनिलातला, दत्तक गेला इटलीत, फुटबॉल शिकला तिथे, आणि परत येऊन तिथल्या स्टॅलियन क्लबाकडून बचावफळीत खेळला. त्याला कोणत्या रकान्यात घालायचं?

आणि १९१७ च्या त्या विजयानंतर काय झालं? जपानने शाळा, विद्यापीठं, कंपन्यांचे संघ आणि शेवटी १९९३ मध्ये जे-लीग अशी पायरीपायरीने बांधणी केली. फिलिपिन्समध्ये अमेरिकन शाळांनी रुजवलेलं बास्केटबॉल वाढलं. १९७५ मध्ये आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग तिथेच सुरू झाली, आणि फुटबॉल इलोइलो व नेग्रोसच्या ऊसपट्ट्यात, काही खासगी शाळांत आणि सैन्यदलांत उरला. १५-२ च्या संघातले खेळाडू कुठे जन्मले होते याचा या घसरणीशी काडीचा संबंध नाही.

कायाची गोष्ट इथे उपयोगी पडते. १९९६ मध्ये मनिलात मुख्यतः आंतरराष्ट्रीय शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या मैत्रीतून हा क्लब निघाला. सुरुवातीची वर्षं निव्वळ हौशी. २००९-१०च्या सुमारास युनायटेड फुटबॉल लीग उभी राहिली, तेव्हा काया तिच्यात होता आणि अर्धव्यावसायिक झाला: काहींना करार व मासिक मानधन, काहींना सामन्यामागे भत्ता, उरलेल्यांची नोकरी किंवा कॉलेज चालूच. हनोईच्या संघाचा कर्णधार अ‍ॅली बोरोमेओ आणि अँटन देल रोसारिओ हे दोघेही सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले आणि दोघेही कायाचे. ग्रेटविचही पुढे इथेच खेळला. २०१६ मध्ये क्लबाने एएफसी कपच्या बाद फेरीपर्यंत मजल मारली आणि तिथे जोहोर दारुल ताझिमने ७-२ असा धुतला. २०१७ मध्ये घर आणि पाहुणे अशा तत्त्वावर देशव्यापी फिलिपिन्स फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा काया मकातीचा होता. २०१८ मध्ये तो इलोइलोला हलला. हा निर्णय मला क्लबाच्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. फुटबॉलचा चाहता जिथे आधीपासून होता तिथे क्लब गेला. इलोइलो प्रांतातल्या बारोताक नुएवो गावात गावचौक हेच फुटबॉलचं मैदान आहे. राष्ट्रीय संघाचा लाडका डावा विंगर एमेलिओ कालिगदोंग तिथलाच. मनिलात तिकीट फुकट वाटूनही खुर्च्या भरत नसत, त्या काळात हे पाऊल उचललं गेलं.

तरीही पहिलं लीग विजेतेपद मिळायला २०२२-२३चा हंगाम उजाडावा लागला, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल सत्तावीस वर्षं. २०१८, २०१९ आणि २०२० असे सलग तीन हंगाम काया दुसराच राहिला. या काळातल्या संघाकडे नीट पाहिलं की अशा क्लबाची घडण कळते. परदेशी खेळाडूंचा कोटा मोजका असतो, म्हणून तो मधल्या कण्यावर खर्च करायचा: एक मधला बचावपटू, एक मिडफिल्डर, एक स्ट्रायकर. कायाकडे बचावात वर्षानुवर्षं जपानी मासानारी ओमुरा होता, आघाडीला घानाचा जॉर्डन मिंताह. परदेशात वाढलेला पण फिलिपिनो पासपोर्ट असलेला खेळाडू या कोट्यात मोजला जात नाही, म्हणून प्रत्येक क्लब त्याच्यामागे धावतो आणि त्याचा भाव वाढतो. उरलेला गट स्थानिक: विद्यापीठांतून आलेले, इलोइलो-नेग्रोस असलेल्या व्हिसाया बेटांवरच्या शाळांतून आलेले, जोविन बेदिकसारखे क्लबात मुरून कर्णधारपदाला पोचलेले. बिघडतं कुठे? कण्यातला एक परदेशी खेळाडू गुडघा धरून बसला की बदली म्हणून येणारा मुलगा हंगामात जेमतेम दीडदोनशे मिनिटं खेळलेला असतो. पहिल्या अकरांत आणि पुढच्या सातांत जी दरी दिसते, ती या न मिळालेल्या मिनिटांची असते.

इथे दुसऱ्या गटाचा खरा, वजनदार आक्षेप येतो. स्थानिक पोराची जागा पासपोर्टवाला घेतो, मोठा पगारही तोच घेतो, आणि एवढं करून आशियात निकाल काय? २०२१च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये कायाच्या गटात उल्सान, बीजी पथुम आणि व्हिएत्तेल होते: सहा सामने, सहा पराभव. २०२३-२४ मध्ये योकोहामा, इंचॉन आणि शानडोंग: पुन्हा सहा सामने, सहा पराभव. गंमत म्हणजे त्या गटात बाकीच्या तिन्ही संघांचे गुण प्रत्येकी बारा झाले, कारण कायाकडून सहा-सहा गुण तिघांनीही वसूल केले होते. बारा सामन्यांत शून्य गुण, हे आकडे झाकण्यात अर्थ नाही.

पण या आकड्यांशेजारी दुसरे आकडे मांडा. २०१७ मध्ये फिलिपिन्स लीगमध्ये आठ क्लब होते आणि साखळीत प्रत्येकाला २८ सामने मिळाले. २०१८ मध्ये सहा क्लब, २५ सामने. २०१९ मध्ये सात क्लब, २४ सामने. २०२० मध्ये कोविडमुळे कार्मोनाच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात सगळ्यांना एकत्र ठेवून लीग उरकली: प्रत्येकी पाच सामने. २०२१ मध्ये लीग झालीच नाही. म्हणजे उल्सानसमोर उतरलेल्या कायाच्या खेळाडूंनी आधीच्या दीड वर्षात लीगचे फक्त पाच सामने खेळले होते. समोरचा कोरियन संघ तेवढे सामने महिन्याभरात खेळतो. अशा वेळी बचावपटू सत्तराव्या मिनिटाला जागा चुकतो तेव्हा त्याचा जन्म डब्लिनचा की दावाओचा, याने काय फरक पडणार? आणि २०१७चा सेरेस-नेग्रोस आठवा. बाकोलोदचा हा क्लब त्या २८ सामन्यांच्या हंगामात विजेता झाला, एएफसी कपच्या आग्नेय आशिया विभागाचं विजेतेपदही त्याने त्याच वर्षी जिंकलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये ब्रिस्बेन रोअरला त्यांच्याच घरी ३-२ हरवलं. त्या संघात स्पॅनिश होते, श्र्योक होता, स्थानिकही होते. कायाच्या संघाचं मिश्रणही जवळजवळ तसंच होतं. सेरेसचा पगार मोठा होता, हे खरं, आणि बिएनवेनिदो मारान्योनसारखा गोल करणारा रोज मिळत नाही. पण त्या पगाराला अर्थ आला तो नियमित सामन्यांमुळे.

स्थानिक मुलाच्या बाबतीत तर हा हिशेब अधिक निर्दय आहे. चांगला फिलिपिनो फुटबॉलपटू अठराव्या वर्षी क्लबाकडे जात नाही, विद्यापीठाकडे जातो, कारण शिष्यवृत्ती, राहणं-खाणं आणि पदवी तिथे मिळते. त्याच्या आईबापांनी हा पर्याय निवडला तर त्यांना दोष कोण देईल? मनिलाच्या यूएएपी स्पर्धेत आठ विद्यापीठं दुहेरी साखळी खेळतात: वर्षाला चौदा सामने, वर बाद फेरीचे एक-दोन. बावीस-तेवीसचा होऊन तो क्लबात येतो तेव्हा जर्मनीच्या चौथ्या श्रेणीत वाढलेल्या त्याच्या समवयस्काच्या खात्यात दुप्पट-तिप्पट सामने जमलेले असतात. प्रशिक्षक मग कुणाला निवडणार? यात परदेशी जन्मलेल्याचा गुन्हा कसला? स्थानिक मुलाला मागे ठेवलं ते त्याच्या हातात आलेल्या वेळापत्रकाने, आणि उद्या सगळे पासपोर्टवाले परत पाठवले तरी ते चौदाचे अठ्ठावीस होणार नाहीत.

स्थानिकांचाच संघ हवा, तोही होऊन गेला. २०१० आणि २०११ असे युनायटेड लीगचे पहिले दोन हंगाम फिलिपिन्स एअर फोर्सने जिंकले. कालिगदोंग, इयान अरानेता, सगळे हवाई दलाच्या पगारावरचे जवान. पैसा स्थिर, शिस्त कडक, सराव पहाटे. पण सेनादलाच्या संघाला बाहेरचा खेळाडू घेता येत नाही, भरती होईल तेवढीच निवड, ड्युटी लागली की सरावाला दांडी. खासगी पैसा येताच ग्लोबल, स्टॅलियन, सेरेस पुढे निघून गेले आणि एअर फोर्सला लीगचं विजेतेपद पुन्हा मिळालं नाही. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये रेल्वे, बँका आणि तेल कंपन्यांचे संघ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वळण नवीन वाटू नये.

आणि त्या खासगी पैशाचं काय झालं? मेराल्को ही मनिलाची वीज कंपनी. तिचा संघ, ज्यात यंगहजबंड बंधू खेळले, जानेवारी २०१८ मध्ये एका घोषणेनिशी बंद. युनायटेड लीग तीनदा जिंकलेला ग्लोबल २०१७ मध्ये सिंगापूर कपच्या अंतिम फेरीत होता. पुढच्याच वर्षी खेळाडूंचे पगार थकले आणि संघ विस्कटला. सेरेस हा बससेवा चालवणाऱ्या यान्सोन घराण्याचा. २०२० मध्ये टाळेबंदीने बस थांबल्या, क्लब विकला गेला, युनायटेड सिटी असं नाव लागलं, आणि २०२२-२३चा हंगाम त्याने अर्ध्यावरच सोडला. सलग चार हंगामांचा विजेता तीन वर्षांत नाहीसा. बास्केटबॉलच्या लीगमध्येही कंपन्यांचेच संघ आहेत, मग तिथे असं का होत नाही, असा बिनतोड वाटणारा प्रश्न तिकडे विचारला जातो. उत्तर साधं आहे: तिथे एक संघ गेला तर त्याची जागा विकत घ्यायला दुसरी कंपनी तयार असते, कारण टीव्हीवर जाहिरात दिसते आणि सगळे सामने मोजक्या बंदिस्त सभागृहांत होतात. फुटबॉलमध्ये बाकोलोद-दावाओ-इलोइलो असा विमानप्रवास प्रत्येक पंधरवड्याला, पंचवीस माणसांचा, आणि पावसाळ्यात वादळाने सामना पुढे गेला की तिकिटं दुसऱ्यांदा काढायची. कायालाही धनी आहे, एलबीसी कुरिअरच्या अरानेता कुटुंबातला. हा क्लब स्वतःच्या पायावर उभा आहे असा दावा मी करणार नाही. फरक इतकाच की त्याने खर्च ताब्यात ठेवला, सेरेसशी पगाराची शर्यत लावली नाही आणि तीन वर्षं दुसरा क्रमांक पचवला. अर्धव्यावसायिक म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या ढाच्यानेच त्याला तारलं.

महाराष्ट्रात बसून हे वाचताना महिंद्रा युनायटेड आठवायलाच हवा, २०१० मध्ये बंद झालेला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला. विशेष म्हणजे या दोन्ही क्लबांकडून खेळलेला इझुमी अराता हाच जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झालेला खेळाडू. त्याच्या पासपोर्टवर आपण पानंच्या पानं लिहिली. त्याचे दोन्ही क्लब गेले त्यावर किती लिहिलं? गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली. २०२५ मध्ये तर आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. अशा देशात उद्या दुहेरी नागरिकत्वाचा कायदा झालाच, तर लंडनचा तो मुलगा येऊन खेळणार कुठे?

फिलिपिन्सने २०२४ मध्ये क्लबांच्या या पडझडीला उत्तर म्हणून लीग एकदम पंधरा क्लबांची केली. सैन्यदलाचा संघ परतला, दावाओ आणि सेबूचे होते, डॉन बॉस्कोच्या आश्रमशाळेत वाढलेल्या मुलांचा तुलोय एफसीही उतरला. पण एकेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाला चौदाच सामने, आणि तेही बहुतेक मनिलाच्या आसपास. टीकाकार म्हणाले, दर्जा घसरला, एकतर्फी निकाल लागतात. ते खरंही आहे. तरी तुलोयच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला चौदा सामने मोठ्यांविरुद्ध मिळाले, जे त्याला कुठल्याही युवा स्पर्धेने दिले नसते. पुढच्या हंगामात क्लब दहा झाले आणि सामने अठरा. २०१७च्या अठ्ठावीसपर्यंत हा आकडा परत जातो का, आणि त्या वेळी विमानाची तिकिटं कोण काढतं, यावर मनिलात आणि इलोइलोत आता वाद चालायला हवा.